जळगाव-धुळ्यात बसून जपानी पियानिस्टला फॉलो कसं करायचं

वेस्टर्न क्लासिकल ऐकायचंय, सुरुवात कुठून करू असं कोणी विचारलं की जाणकार लोक लगेच बाख, मोझार्ट, बीथोवन अशी लांबलचक यादी हातात देतात आणि बिचारा दोन दिवसात कंटाळून परत जुन्या गाण्यांवर येतो. मी म्हणतो यादी ठेवा बाजूला भो, एक जिवंत तरुण कलाकार पकडा, ज्याचं करिअर आत्ता चढतंय, आणि तो जे वाजवेल ते ऐकत जा. मोझार्ट आपोआप मागून येतो.

माझा सल्ला माओ फुजिता. टोकियोचा पोरगा, १९९८ चा जन्म. सर्च करताना पूर्ण नाव टाका, नुसतं माओ टाकलं की चीनचा माओ समोर येतो आणि अर्धा तास तिकडेच जातो. २०१७ मधे स्वित्झर्लंडच्या क्लारा हास्किल स्पर्धेत पहिला आला, मग २०१९ मधे मॉस्कोच्या चायकोव्स्की स्पर्धेत विभागून दुसरा. पहिला आला फ्रान्सचा अलेक्झांडर कांतोरोव्ह. या लाइनीत दुसरा नंबर म्हणजे पडला असं नसतं हे आधी डोक्यात घ्या, आपल्याकडे बोर्डात दुसरा आलेल्या पोराला पण लोक "पहिला का नाही" विचारतात, तिथे मात्र फायनलला पोचलं की जगभरचे ऑर्केस्ट्रावाले आणि रेकॉर्ड कंपन्या नाव लिहून ठेवतात. जपानचीच पियानिस्ट मित्सुको उचिदा १९७० ला पोलंडमधल्या वॉर्साला, शोपॅन या संगीतकाराच्या नावाने होणाऱ्या स्पर्धेत दुसरीच आली होती, आणि आज मोझार्ट म्हटलं की तिचं नाव पहिल्या दोन-चारात येतं.

आता ऐकायचं कसं. पहिली गोष्ट कूलर बंद करा. हसू नका, खरं सांगतोय, पियानोत इतका बारीक आवाज असतो की आपला मे महिन्यातला पत्र्याचा कूलर घरघर करत असला की निम्मं संगीत त्यातच जातं, मग माणूस आवाज वाढवतो आणि पुढच्या मिनिटाला जोरात वाजलं की दचकतो. त्यामुळे पहाटे ऐका, नाहीतर रात्री अंगणात खाट टाकून. साधा वायरवाला इअरफोन चालतो, फक्त फोनमधलं बेस बूस्ट वगैरे जे काय चालू असेल ते बंद करा. लग्नाच्या डीजेची सेटिंग इथे कामाची नाही.

पहिली रचना मोझार्टची पियानो सोनाटा के ३३०, सोनाटा म्हणजे काही भागांत वाजवायची लांब रचना. हे "के" म्हणजे क्योखेल नावाच्या माणसाने मोझार्टच्या रचनांना दिलेला नंबर आहे, बाकी बऱ्याच जणांच्या रचनांना "ओपस" नंबर असतो, सर्च करताना नंबर टाकलात तरच बरोबर चीज सापडते कारण ही सी मेजर नावाच्या पट्टीत आहे आणि त्या पट्टीतल्या पियानो सोनाटा मोझार्टच्याच चार आहेत. तीन भाग, एकूण वीसेक मिनिटं. फुजिताने ही २०१९ च्या चायकोव्स्की स्पर्धेत वाजवली, त्याचा व्हिडिओ बघा. विशीतला पोरगा, जिथे बाकीचे जोर आणि स्पीड दाखवायला आलेत तिथे हा घरी बसल्यासारखा हळुवार वाजवतोय. तोच तुकडा परत येतो तेव्हा लक्ष द्या, मोझार्टमधे हा दुसऱ्या खेपेला थोडी नक्षी टाकतो, नाहीतर आवाज आणखी खाली नेतो. मधला संथ भाग चालू असताना मधेच सूर एकदम काळवंडतो, ती जागा दोन-तीनदा ऐका.

मग लगेच जुना नामी पियानिस्ट व्लादिमीर होरोवित्झचा १९८६ चा मॉस्कोचा व्हिडिओ काढा. तीच के ३३०, तोच स्पर्धेवाला मॉस्को कॉन्झर्वेटरीचा (म्हणजे संगीत कॉलेजचा) मोठा हॉल, वाजवणारा ८२ वर्षांचा म्हातारा जो तब्बल ६१ वर्षांनी स्वतःच्या मायदेशात, सोव्हिएत युनियनमधे, आलाय. दोन्ही मागेपुढे ऐका, एका बैठकीत. आपण नाही का एकच बंदिश दोन घराण्यांकडून ऐकतो, तसंच. फरक शब्दात सांगता आला नाही तरी चालेल, कुठला आवडला एवढं ठरवा, आणि मला विचाराल तर संथ भागात मला पोरगाच जास्त आवडतो, शिव्या घालायच्या तर घाला.

त्यानंतर करिअर कुठल्या पायऱ्यांनी चढतं ते बघत जा, यात खरी मजा आहे. स्पर्धा झाली की फेस्टिवलवाले बोलावतात, २०२१ ला स्वित्झर्लंडच्याच व्हर्बिए फेस्टिवलमधे याने मोझार्टच्या सगळ्या सोनाटा वाजवल्या, २०२२ ला सोनी क्लासिकलवर अठराच्या अठरा रेकॉर्ड होऊन आल्या, जानेवारी २०२३ ला न्यूयॉर्कचा कार्नेगी हॉल. एवढं होऊनही गडी शिकणं सोडत नाही, बर्लिनला किरिल गेर्श्टाइन या पियानिस्टकडे शिकायला गेला. २०२४ च्या अल्बममधे ७२ प्रेल्यूड, म्हणजे छोट्या छोट्या रचना, आहेत, शोपॅनचे २४, रशियाच्या स्क्र्याबिनचे २४ आणि अकिओ याशिरो या जपानी संगीतकाराचे २४. नाव झाल्यावर आपल्या देशाचा कमी ऐकलेला माणूस मोठ्या कंपनीच्या रेकॉर्डवर आणायचा, हे मला फार भारी वाटलं. एकदम सगळे ७२ ऐकू नका, डोकं भणभणेल, रोज चार-पाच पुरे.

फुजिता अंगात भिनला की बाकीच्या जपान्यांकडे वळा. क्योहेइ सोरिता २०२१ च्या शोपॅन स्पर्धेत विभागून दुसरा आला, आइमी कोबायाशी त्याच वर्षी विभागून चौथी, पुढे दोघांनी लग्न केलं. हायातो सुमिनो टोकियो युनिव्हर्सिटीचा इंजिनियर, युट्यूबवर कातीन नावाने धुमाकूळ घालतो, पोरांना सुरुवात करून द्यायला हा बेस्ट. नोबुयुकी त्सुजी जन्मापासून अंध, २००९ ला अमेरिकेतली वॅन क्लायबर्न स्पर्धा विभागून जिंकला.

शोपॅन स्पर्धा दर पाच वर्षांनी, ऑक्टोबरात, युट्यूबवर फुकट लाइव्ह असते (२०२० ची तेवढी कोरोनामुळे २०२१ ला झाली). मागची २०२५ ला झाली, फायनल १८ ते २० ऑक्टोबर म्हणजे ऐन दिवाळीत, आणि शिओरी कुवाहारा विभागून चौथी आली. जुने व्हिडिओ आहेत, तिथून सराव करा. पुढची २०३०. वॉर्सा ऑक्टोबरात आपल्या साडेतीन तास मागे असतं, तिथले संध्याकाळचे सहा म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ, जेवणं आटोपून बसता येतं. १७ तारखेला बघत बसू नका, शोपॅनची पुण्यतिथी असते, त्या दिवशी कोणी वाजवत नाही. आणि आपला स्वतःचा निकाल आधी वहीत लिहून ठेवा, ज्युरीशी भांडायला बरं पडतं.

शेवटी एकदा प्रत्यक्ष ऐकायला मुंबई गाठायची, नरिमन पॉइंटचं एनसीपीए, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया तिथलाच, साधारण फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या आसपास त्यांचे सीझन असतात. भुसावळ-जळगावकडून रात्रीची गाडी धरली की सकाळी सीएसएमटी. हॉलमधे आपल्या सवयीने मधेच "वाह" नाही करायचं, एक भाग संपून शांतता झाली तरी टाळी नाही, सगळे भाग संपून वाजवणारा उठला की मग हात लाल होईपर्यंत वाजवा. रिझर्वेशन मात्र कॉन्सर्टचं तिकीट हातात आल्यावरच काढा, आणि परतीची गाडी त्याच रात्रीची धरायची असेल तर कार्यक्रम किती वाजता संपतो ते आधी विचारून घ्या.