नर्सिंग कॉलेज निवडताना या चुका टाळा: इमारत नंतर, आधी वॉर्ड बघा

नीटचा निकाल लागला की लातूर-नांदेडकडच्या घराघरांत एक वाक्य ऐकू येतं: "एमबीबीएस नाही ना, मग नर्सिंगला टाकू." चार दिवसांत कुणीतरी ओळखीचे 'सर' गुळगुळीत माहितीपत्रक घेऊन येतात आणि प्रवेश ठरून जातो. बैल घेताना चार बाजार फिरणारी माणसं मुलीच्या चार वर्षांचा निर्णय एका बैठकीत घेतात, याचं वाईट वाटतं.

नीटच्या निकालाची वाट बघत बसणं

महाराष्ट्रात बीएस्सी नर्सिंगसाठी राज्य सीईटी कक्षाची वेगळी परीक्षा असते. तिचे अर्ज नीटचा निकाल लागण्याच्या कितीतरी आधी बंद होतात. ज्यांनी अर्जच भरला नाही ते मग एजंटच्या हाती सापडतात. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी असेल, तर नीट देणाऱ्यानेही हा अर्ज भरून ठेवावा.

याला पैशाचीही बाजू आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राऊंडमधून झालेला हवा. "राऊंडची भानगड नको, थेट सीट देतो" असं म्हणणारा माणूस मॅनेजमेंट कोट्यात प्रवेश देतो आणि ही सवलत तिथंच हातची जाते. वसतिगृह आणि मेसचा खर्च मात्र धरूनच चाला.

नाव नर्सिंगचं, कोर्स भलताच

एएनएम (सहायक परिचारिका-प्रसविका) २ वर्षांचा, जीएनएम (नर्सिंग-प्रसविकेची पदविका) ३ वर्षांचा, बीएस्सी (पदवी) ४ वर्षांचा. याखेरीज वर्षभरात 'नर्सिंग' शिकवणारे नर्सिंग असिस्टंट, पेशंट केअर असे कोर्स तालुक्याच्या गावांतही निघालेत. त्यातून दवाखान्यात मदतनीसाचं काम मिळेल, पण महाराष्ट्र परिचर्या परिषदेत परिचारिका म्हणून नोंदणी होणार नाही, आणि नोंदणीशिवाय सरकारी पद नाही.

महाराष्ट्रातल्या संलग्न कॉलेजांची बीएस्सीची पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते. छत्रपती संभाजीनगरचं किंवा नांदेडचं विद्यापीठ ती देत नाही. खासगी किंवा अभिमत विद्यापीठाचं कॉलेज असेल तर पदवी त्यांची स्वतःची असते. कोणी सीमेपलीकडे बिदर-कलबुर्गीला किंवा थेट बंगळुरूला नेत असेल, तर परत येऊन इथली नोंदणी करण्यासाठी काय लागतं ते आधी महाराष्ट्राच्या परिषदेकडूनच विचारून घ्या. एजंटचा शब्द त्यासाठी पुरेसा नाही.

इमारत बघून भुलणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. नर्सिंग फळ्यावर शिकता येत नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत बीएस्सी कॉलेजला स्वतःचं १०० खाटांचं पालक रुग्णालय आणि दर विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण अपेक्षित आहेत. कागदावर खाटा सगळीकडे असतात. म्हणून कामाच्या दिवशी, सकाळी दहा-अकराला, न सांगता त्या रुग्णालयात जा. ओपीडीत गर्दी आहे का? खाटांवर माणसं आहेत की नुसत्या चादरी? प्रसूती कक्ष चालू आहे का?

अनेक खासगी कॉलेजं आपली मुलं सरकारी रुग्णालयांत पोस्टिंगला, म्हणजे वॉर्डातल्या प्रात्यक्षिकाला, पाठवतात: संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडचं विष्णुपुरी, जिल्हा रुग्णालयं. यात वावगं काही नाही, उलट तिथं दिसतात तेवढे रुग्ण दुसरीकडे क्वचितच दिसतात. फक्त परवानगी लेखी आहे का आणि एका वॉर्डात एकाच वेळी किती कॉलेजांची मुलं उभी असतात, हे विचारा. तीस जण एका खाटेभोवती उभे राहिले तर हात दोघांचाच लागतो.

प्राचार्यांपेक्षा तिसऱ्या वर्षाच्या मुलींशी बोला, तेही कँटीनमध्ये. मागचं पोस्टिंग कुठं झालं? सलाईन स्वतः लावलं का? किती प्रसूती स्वतःच्या हातानं केल्या? केस स्टडी वॉर्डात बसून लिहिली की सिनियरच्या वहीतून उतरवली? दहा मिनिटांत कॉलेज कळतं.

आणि "हजेरीचं टेन्शन घेऊ नका, भरून देऊ" असं जिथं सांगतात, तिथून सरळ उठून या. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते आणि पदवीआधी प्रात्यक्षिकाचे तास शंभर टक्के भरावे लागतात. ते खोटे भरले गेले, तर पुढे अतिदक्षता विभागात रात्रपाळीला ती मुलगी एकटी उभी असेल आणि समोर कुणाची तरी आई असेल.

'१०० टक्के प्लेसमेंट' खरं मानणं

स्वतःच्याच रुग्णालयात कमी पगारावर ठेवून घेणं हेही प्लेसमेंटमध्ये मोजलं जातं. मागच्या दोन बॅचमधल्या चौघांचे नंबर मागा आणि हातात किती पगार येतो ते विचारा. बाँड आहे का, मूळ कागदपत्रं अडकवतात का, हेही विचारा.

सरकारी वाटा ठरलेल्या आहेत. एम्सची नॉरसेट, म्हणजे नर्सिंग ऑफिसरच्या भरतीची परीक्षा, बीएस्सीवाल्यांना अनुभवाविना देता येते. जीएनएमवाल्यांना किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला २ वर्षांचा अनुभव लागतो. मुलग्यांनी एक लक्षात ठेवावं, एम्समध्ये ८० टक्के जागा महिलांसाठी आहेत. राज्यात आरोग्य विभाग आणि वैद्यकीय शिक्षण विभागाच्या भरत्या निघतात, पण दरवर्षी निघतीलच असं नाही. उपकेंद्रावरचं समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचं पद गावाजवळ मिळू शकतं, मात्र ते कंत्राटी आहे. परदेशाचं स्वप्न असेल तर जर्मनीला जर्मन भाषा, अमेरिकेला एनक्लेक्स ही परवान्याची परीक्षा. तयारी दुसऱ्या वर्षापासूनच करावी लागते.

प्रवेश होऊन गेला असेल तर

पोस्टिंग होत नसेल तर बॅचने मिळून प्राचार्यांना लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. दाद लागली नाही तर तोच अर्ज विद्यापीठाकडे पाठवावा. लॉगबुक, म्हणजे प्रात्यक्षिकांची नोंदवही, रोजच्या रोज भरा आणि सही त्याच दिवशी घ्या. फीची प्रत्येक पावती जपा आणि ती शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेल्या आकड्याशी ताडून बघा. जीएनएम झालेल्यांना नोंदणीनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करून पदवी घेता येते.