‘डिस्टंट’ कुठे बसतं, कुठे खटकतं

ऐरोलीत मुलाखतीला गेलात की राहता कुठे, हे विचारतातच. ‘माय हाउस इज व्हेरी डिस्टंट’ म्हटलं तर समोरच्याला कळतं, पण कानाला खटकतं. बोलण्यातल्या साध्या अंतराला हा शब्द लावत नाहीत. प्रश्नात आणि नकारात इंग्रजीतलं ‘फार’ (far) चालतं (‘इज इट फार?’, ‘इट्स नॉट फार’) आणि होकारात ‘इट्स अ लाँग वे’.

आकडा आला की शेवटी ‘अवे’. १८५३ साली बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, ते अंतर ३४ किलोमीटर. म्हणजे ‘थर्टी-फोर किलोमीटर्स अवे’. मराठीत ‘३४ किलोमीटर लांब’ बिनदिक्कत चालतं, म्हणून ‘थर्टी-फोर किलोमीटर्स फार’ तोंडात येतं. ते चूकच. ‘थर्टी-फोर किलोमीटर्स डिस्टंट’ व्याकरणात बसतं, पण अगदी पुस्तकी.

डिस्टंट शोभतं ते नामाच्या आधी. खाडीपलीकडचा गडगडाट ‘डिस्टंट थंडर’, लांबच्या नात्यातला माणूस ‘डिस्टंट रिलेटिव्ह’. ‘फार रिलेटिव्ह’ म्हणत नाहीत. स्पर्धेत पहिल्याच्या बराच मागे राहून दुसरा आला तर ‘अ डिस्टंट सेकंड’.

माणसाच्या वागण्याला लावलं की अर्थच बदलतो. ‘शी वॉज डिस्टंट’ म्हणजे ती तुटक वागली. शेजारच्याच खुर्चीत बसलेली असली तरी. कोणाशी तुटक, हे सांगायला ‘विथ’ घ्या: ‘डिस्टंट विथ मी’. साहेबांबद्दल बोलताना जपून, ही तक्रार ठरते.

‘रिमोट’चा संबंध किलोमीटरपेक्षा पोचायच्या सोयीशी. पनवेल ठाण्याहून लांब खरं, पण थेट लोकल आहे, त्यामुळे रिमोट नाही. उलट येऊरच्या डोंगरात धड रस्ता नसलेला पाडा शहराला खेटून असूनही रिमोट म्हणता येईल. घरून कामही रिमोटच, आणि जेमतेम शक्यता असेल तर ‘अ रिमोट चान्स’. तिथे डिस्टंट नको.

बायोडेटा पाठवण्याआधी एक ओळ तपासा. मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेले कित्येकजण ‘डिस्टंट एज्युकेशन’ लिहितात. तिथे विशेषण नाही, नाम लागतं: ‘डिस्टन्स एज्युकेशन’. स्पेलचेक ही चूक बहुधा पकडत नाही, कारण स्पेलिंग दोन्हींचं बरोबरच असतं.