ऑक्सिजनची लाइन जोडताय? या चुका टाळा

"स्टेनलेस स्टील आहे, ते कसं जळेल?" हा प्रश्न दर नवशिक्याकडून येतो. जास्त दाबाच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये स्टेनलेसही पेट घेतं, ॲल्युमिनियम तर भडकून जळतं, आणि टायटॅनियम वापरूच नका. ॲल्युमिनियमच्या वैद्यकीय रेग्युलेटरना (सिलिंडरमधल्या वायूचा दाब कमी करून देणारा भाग) आगी लागल्या म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1999 मध्ये पितळी रेग्युलेटर वापरण्याची शिफारस केली होती. जास्त दाबाच्या बाजूला मी पितळच घेतो. जड होतं, होऊ दे.

सगळ्यात जास्त राग येतो तो बॉल व्हॉल्व्हचा. एका वर्कशॉपमध्ये सिलिंडर आणि रेग्युलेटर यांच्यामध्ये कुणीतरी तो बसवला होता, कारण पाव फेऱ्यात उघडतो, वेळ वाचतो. एके सकाळी झटक्यात उघडला आणि रेग्युलेटरच्या तोंडातून ज्वाळा निघाली. उघडणारा बाजूला उभा होता म्हणून हात-तोंड वाचलं. नंतर मी तो रेग्युलेटर खोलला, तर आतली नायलॉनची सीट, म्हणजे झडप जिथे टेकून वायू अडवते ती बैठक, नाहीशी झालेली आणि पितळी अंगाला भोक पडलेलं. ठिणगी कुठूनही आली नव्हती. 150 बारचा वायू बंद टोकावर एकदम आदळला की तिथला वायू क्षणात दाबला जातो, आणि कागदावरच्या हिशोबाने तापमान 900 अंश सेल्सिअसच्या वर जातं. नायलॉन, रबर त्याच्या कितीतरी आधी पेटतात. म्हणून तिथे सावकाश उघडणारा नीडल व्हॉल्व्हच हवा. सिलिंडर उघडण्याआधी रेग्युलेटरचा स्क्रू पूर्ण सैल करायचा, बाजूला उभं राहायचं आणि चावी हळूहळू फिरवायची. एवढाही धीर नसेल तर या कामाला हात लावू नये.

तेल-ग्रीस नको, हे सगळ्यांना पाठ असतं. तरीही ओ-रिंग (गळती रोखणारी गोल रबरी कडी) सहज बसावी म्हणून बोटभर सिलिकॉन ग्रीस लावलं जातंच. तेही चालत नाही. लागलंच तर ऑक्सिजनसाठी प्रमाणित फ्लोरिनयुक्त ग्रीस, तेही नावापुरतं.

हवेच्या लाइनचं जुनं फिटिंग इथे लावू नका, कॉम्प्रेसरचं तेल आत असतंच.

वापरलेला वॉशर पुन्हा नको.

आटे पाडल्यावर राहिलेला धातूचा कीस वायूच्या वेगाने वळणावर आदळतो आणि तिथे ठिणगी पडते. फडक्याने पुसून भागत नाही, फडक्याचे धागेही जळतात. ऑक्सिजनसाठी साफ करून पिशवीत सील केलेलाच भाग घ्या आणि ती पिशवी जोडणीच्या क्षणापर्यंत फोडू नका.