नव्याचे नऊ दिवस सरल्यावर: बॅरिअॅट्रिक ऑपरेशननंतर पथ्य आणि व्यायाम टिकवायचा कसा

वजन उतरवण्यासाठी केलेलं पोटाचं ऑपरेशन, म्हणजेच बॅरिअॅट्रिक ऑपरेशन, होऊन सात-आठ महिने झाले, तेव्हा मला वाटायला लागलं होतं की आपल्या अंगात कुठून तरी भलताच मनोनिग्रह शिरलाय. समोर काहीही वाढलेलं असो, मी चार घास खाऊन उठायचे. लोक विचारायचे, ‘कसं जमतं गं तुला?’ मीही तोऱ्यात सांगायचे, ‘मनावर घेतलं की जमतं.’ दीड वर्षानं भूक परत आली, आणि त्या मनोनिग्रहातला माझा वाटा किती होता ते चांगलंच कळलं.

हे आधी समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. स्लीव्ह प्रकारच्या ऑपरेशनमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. घ्रेलिन नावाचं भूक चाळवणारं हॉर्मोन मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं, आणि नेमका तोच भाग जातो. बायपास या दुसऱ्या प्रकारात (हा हृदयाचा नव्हे, जठराचा) अन्नासाठी जेमतेम ३० मिलीलिटरची पिशवी ठेवतात आणि आतड्याची जोडणी बदलतात, त्यामुळे पोट भरल्याचा निरोप मेंदूला लवकर पोचतो. म्हणजे पहिलं वर्षभर तुम्ही भुकेशी झगडत नसताच. भूकच रजेवर गेलेली असते.

रजा संपते. साधारण बारा ते अठरा महिन्यांत वजन तळाला जातं, भूक हळूहळू परतते, थोडं जास्त खाल्लेलं पचायला लागतं. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं होतं. दहा वर्षांनी ती घट २५ टक्के उरली होती. या आकड्यांनी घाबरू नका. थोडं वजन परत येणं ठरलेलंच असतं, पण दहा वर्षांनंतरही पाव वजन गेलेलंच होतं, हेही त्याच आकड्यांत आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की पहिल्या वर्षातला उत्साह उसना असतो. तो आहे तोवर अशी घडी बसवून घ्या, की तो गेल्यावरही गाडी चालू राहील. (तुमच्या सर्जननं किंवा आहारतज्ज्ञानं काही वेगळं सांगितलं असेल, तर त्यांचं ऐका. तुमचं ऑपरेशन आणि तुमचे रिपोर्ट त्यांनी पाहिलेत, मी नाही.)

पहिली पायरी: उत्साहाच्या भरात सवय लावून घ्या

‘एकवीस दिवसांत सवय लागते’ ही थाप आहे. लंडनमधल्या संशोधकांनी २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात नवी गोष्ट आपोआप व्हायला लागायला लोकांना सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर लागते, व्यायामाची उशिरा. तेव्हा तिसऱ्या आठवड्यात ‘अजून जिवावर येतंय’ असं वाटलं तर तुमचं काही चुकलेलं नाही.

‘रोज चालायचं’ हा संकल्प झाला, सवय नव्हे. संकल्पाला खुंटी लागते. जी गोष्ट तुम्ही रोज न चुकता करताच, तिला नवी गोष्ट बांधा: दात घासून झाले की बूट घालायचे. माझे बूट चपलांच्या रॅकवर नसतात, पलंगाच्या पायथ्याशी असतात, मोजे आत खोचलेले. सकाळी पाय खाली टाकला की बुटालाच लागतो. घरच्यांना हे दिसायला बरं वाटत नाही, पण मला ‘आज जावं का’ असा प्रश्न पडायला वेळच मिळत नाही.

दुसरी पायरी: जेवण हे काम समजून जेवा

इथे जरा थांबते, कारण बहुतेकांची घसरण इथूनच सुरू होते.

ताट नको, लहान वाटी घ्या आणि चहाचा चमचा. प्रोटीन आधी: अंडं, मासे, चिकन, डाळी, कडधान्यं, दही, टोफू, जे तुम्हाला चालतं ते. भाजी त्यानंतर, आणि भात-पोळी-ब्रेड सगळ्यात शेवटी, जागा उरली तर. बहुतेक ठिकाणी दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन सांगतात. त्याचं कारण साधं आहे: वजन झपाट्यानं उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि स्नायू झिजले की शरीराला दिवसभरात लागणाऱ्या कॅलरीही कमी होतात. पुढे वजन राखणं मग आणखी जड जातं.

एक घास घ्या, चमचा खाली ठेवा. खरोखर खाली ठेवा, हातात धरून पुढचा घास तयार ठेवू नका. चावून चावून तोंडात लगदा झाला की गिळा. असं वीस ते तीस मिनिटं. सुरुवातीला हे इतकं कंटाळवाणं वाटतं, की माणूस फोन हातात घेतो, आणि फोन हातात आला की चमच्याचा वेग कधी वाढला ते कळत नाही. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

पोट भरल्याची खूण पूर्वीसारखी नसते. कुणाला छातीच्या मधोमध दडपण येतं, कुणाला उचकी लागते, कुणाला शिंक येते. माझं नाक गळायला लागतं. पहिल्यांदा मला वाटलं सर्दी झालीय! नाक पुसून मी आणखी दोन घास खाल्ले आणि पुढचा अर्धा तास बाथरूममध्ये काढला. तुमची खूण कोणती ते शोधा आणि ती दिसली की वाटीत उरलेल्या एका चमच्याचीही दया करू नका.

पाणी जेवताना नको. जेवणानंतरही निदान अर्धा तास थांबा. पाण्यानं अन्न लवकर पुढे सरकतं आणि पोट भरल्याची भावना टिकत नाही. दिवसभरात मात्र घोट घोट करत दीड ते दोन लिटर जायला हवं.

आता खरा चोर. ऑपरेशन मोठ्या जेवणाला अडवतं. बिस्किट, चिप्स, आइस्क्रीम यांना अडवत नाही. तोंडात विरघळणारे हे पदार्थ लहान पिशवीतूनही सुळकन निघून जातात. पोट भरत नाही, कॅलरी मात्र जमा होतात. त्यात दिवसभर चरत राहायची सवय असली, म्हणजे येता-जाता एक बिस्किट, मुलांच्या ताटात उरलेला घास, की मग बघायलाच नको. यातलं ‘जेवण’ म्हणावं असं काहीच नसतं, म्हणून ते कुणाच्या हिशेबात येत नाही. गोड खाल्ल्यावर घाम, धडधड, पोटात मुरडा असं होतं, त्याला डंपिंग म्हणतात. त्या भीतीनं आपण गोडापासून दूर राहू, असं काहींना वाटतं. बायपासनंतर ते जास्त दिसतं, स्लीव्हनंतर कमी, आणि काहींना कधीच होत नाही. या पहारेकऱ्यावर विसंबू नका.

रोजची खाण्याची वही कायम लिहिणं माझ्याच्यानं झालं नाही. महिन्यातून तीन दिवस लिहिते, त्यातला एक सुट्टीचा. चोरी पकडायला तेवढं पुरतं.

तिसरी पायरी: व्यायाम इतका लहान करा की टाळायला लाज वाटेल

चालणं ऑपरेशननंतर अगदी लगेच, दवाखान्यातच सुरू होतं. वजन उचलायला मात्र साधारण चार ते सहा आठवडे मनाई असते, आणि डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय ती मोडू नये. त्यानंतरचं लांबचं लक्ष्य जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये सगळ्याच प्रौढांसाठी सांगितलेलं: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमछाकीचा व्यायाम, आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा.

पण लक्ष्य वेगळं आणि किमान वेगळं. माझं किमान दहा मिनिटं आहे. पाऊस असो, पाहुणे असोत, मूड नसो, दहा मिनिटं. बाहेर पडल्यावर बहुतेकदा अर्धा तास होतोच. नाही झाला तरी साखळी तुटत नाही.

ताकदीचा व्यायाम लोक हटकून टाळतात, आणि आपल्याला तर त्याचीच गरज जास्त. जिम लागत नाही. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून पुशअप, रबरी पट्टा ओढणं, एवढ्यावर सुरुवात होते. तीस सेकंदांत किती वेळा उठता येतं ते मोजा आणि तारखेसह भिंतीवर लिहून ठेवा. वजनाचा काटा हलत नसतानाही हा आकडा वाढत राहतो, आणि त्या दिवसांत तोच धीर देतो.

सैल त्वचा घासून लाल होत असेल, तर अंगासरशी बसणारे कपडे घाला. ‘आधी बारीक होते, मग व्यायामाचे कपडे घेते’ या अटीवर अनेकांचे महिने वाया गेलेत.

चौथी पायरी: काटा अडेल, त्या दिवसाची तयारी आज करा

पहिल्या महिना-दीड महिन्यातच एकदा वजन अडतं. मग पुढेही अधूनमधून अडतं. शरीर पाण्याचा हिशेब लावत असतं, त्यात तुमचा अपराध काही नसतो. अशा वेळी खाणं आणखी तोडू नका. प्रोटीन, पाणी, झोप आणि चालणं जागेवर आहे ना ते बघा आणि दोन-तीन आठवडे वाट पाहा. कमरेचं माप याच काळात कमी झालेलं दिसतं.

वजन आठवड्यातून एकदाच, ठरल्या वारी, ठरल्या वेळी. रोज काट्यावर चढणाऱ्याचा मूड काटा ठरवतो. पण काटा माळ्यावर टाकणं त्याहून वाईट. अमेरिकेत १९९४ पासून अशा लोकांची नोंद ठेवली जाते, ज्यांनी किमान १३.६ किलो कमी करून ते वर्षभर तरी राखलंय. सगळे ऑपरेशनवाले नव्हेत, तरी त्यांच्या सवयी बघण्यासारख्या आहेत: चारातले तीन जण आठवड्यातून निदान एकदा वजन करतात, आणि दहातले नऊ जण रोज सरासरी तासभर व्यायाम.

एक लाल रेघ आखून ठेवा. वजन स्थिरावल्यावर त्याच्या वर, समजा, तीन किलो. ती ओलांडली की रडारड नाही, नवीन डाएट नाही. फोन करायचा आणि अपॉइंटमेंट घ्यायची.

पाचवी पायरी: आळस म्हणण्याआधी रक्त तपासा

हे थोडक्यात, पण सोडू नका. ‘हल्ली व्यायामाची इच्छाच होत नाही’ यामागे लोह, बी१२ किंवा डी जीवनसत्त्व कमी असणंही असू शकतं. या जीवनसत्त्वांच्या आणि लोहाच्या गोळ्या जन्मभराच्या असतात. बरं वाटतंय म्हणून त्या थांबवू नका. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात, बहुतेकांचे परत येतात. उलट्या थांबतच नसतील, तर मात्र वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

सहावी पायरी: टाळ्या थांबल्यावरही

पहिल्या वर्षी प्रत्येक भेटीत कौतुक होतं. दुसऱ्या वर्षी लोकांना तुमचं हेच रूप सवयीचं होतं आणि कुणी काही बोलत नाही. ही शांतता मला भुकेपेक्षा जड गेली. कौतुकाऐवजी दुसरं काहीतरी हवं, तर ज्यात पूर्वी अडायचं त्याची यादी करा: जिना, विमानातला पट्टा, बुटाची नाडी. जुना एक कपडा ठेवून द्या. आरशावर विश्वास बसत नाही त्या दिवशी तो घालून बघा.

‘एवढंसंच?’ म्हणणारे भेटतातच. त्यांना ऑपरेशनचं व्याख्यान देऊ नका. ‘छान झालंय, थोड्या वेळानं घेते’ एवढं पुरतं. थोड्या वेळानं ते विसरतात.

राग, एकटेपणा, कंटाळा यांवर पूर्वी खाणं हे औषध असेल, तर ते औषध आता मिळत नाही आणि मन दुसरं शोधतं. दारूच्या बाबतीत विशेष सांभाळा: बायपासनंतर ती फार वेगानं चढते आणि व्यसनाचा धोकाही वाढतो. समुपदेशकाकडे जायला गोष्ट तिथवर पोचायची गरज नाही.

आणि येरे माझ्या मागल्या झालं तर?

होतं. सण, प्रवास, आजारपण, घरातलं एखादं दुःख, आणि महिनाभर सगळं सुटतं. दुसऱ्या दिवशी उपाशी राहू नका, ‘पोट परत लहान करायचं’ म्हणून स्वतःच्या मनानं पातळ पदार्थांवर जाऊ नका. पुढच्या जेवणाला वाटी आणि चहाचा चमचा काढा, प्रोटीन आधी, संध्याकाळी दहा मिनिटं. वजन खूपच वाढलं असेल, तर आज औषधं आहेत, काहींना दुसरं ऑपरेशनही सुचवतात. त्यात हार वगैरे काही नाही.

फक्त लपू नका. माझं वजन लाल रेघेच्या पुढे गेलं, तेव्हा मी दोन अपॉइंटमेंट काही ना काही कारण काढून टाळल्या. तिसऱ्यांदा गेले ती मनात सगळी सफाई जुळवूनच. आहारतज्ज्ञ बाईंनी आकडा लिहिला, पेन खाली ठेवलं आणि एवढंच विचारलं, ‘जेवताना पाणी प्यायला लागलात का परत?’

लागले होते.