व्याख्यानातला तत्त्वज्ञ कसा ओळखावा

न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेला किंवा पुण्यातल्या कुठल्याही व्याख्यानाला जाताना खिशात एक पाठकोरा कागद ठेवा. आवाज, पाठांतर आणि संस्कृत वचनं यांना गुण द्यायचे नाहीत. तत्त्वज्ञान झोडणाऱ्याकडेही ती भरपूर असतात.

पहिली दहा मिनिटं काही लिहू नका, ती हारतुऱ्यांतच जातात. मग वक्त्याचं एकच ठाम विधान टिपा आणि न्यायदर्शनातल्या, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या परंपरेतल्या, अनुमानाच्या पाच अवयवांत बसवून पाहा: प्रतिज्ञा (सिद्ध करायचं विधान), हेतू (त्याचं कारण), उदाहरण, उपनय (उदाहरणातला नियम इथे लावणं), निगमन (निष्कर्ष). खरी मेख उदाहरणात असते, कारण 'जिथे धूर तिथे आग, जसं चुलीपाशी' ही व्याप्ती, म्हणजे हेतू असेल तिथे साध्य (सिद्ध करायची गोष्ट) असतंच हा नियम, तिथेच उघड होते.

समजा, विधान आहे: 'आजची पिढी दुःखी आहे, कारण तिच्या अपेक्षा वाढल्यात.' प्रतिज्ञा आहे, हेतूही आहे. न बोललेली व्याप्ती तुम्ही लिहा: 'ज्याच्या अपेक्षा वाढतात तो दुःखी होतो.' आता सायकल शिकणारं पोर डोळ्यांपुढे आणा. काल गल्लीच्या टोकापर्यंत गेलं, आज त्याला थेट सारसबाग गाठायचीय. अपेक्षा वाढली, तरी स्वारी खुशीत! हेतू आहे पण साध्य नाही, म्हणजे हा सव्यभिचार नावाचा हेत्वाभास, दिसायला हेतू पण फसवा.

कधी हेतूच मुळात नसतो. पहाटेचं धुकं पाहून वेताळ टेकडीवर वणवा लागला म्हणण्यासारखं. म्हणून 'अपेक्षा वाढल्यात' हे कशावरून, तेही तपासा.

प्रश्न तीन वाक्यांत विचारा: तुमचं म्हणणं मला असं समजलं, हे उदाहरण त्यात बसत नाही, मग विधान कसं बदलाल? तत्त्वज्ञ एक तर विधान आवरतं घेतो ('अपुऱ्या राहिलेल्या अपेक्षा म्हणायला हवं होतं'), नाहीतर तुमचं उदाहरण का लागू नाही ते दाखवतो. झोडणारा 'हे अनुभवावं लागतं' म्हणतो आणि तुमचं वय विचारतो.

सर्वांत भरवशाची खूण मात्र पूर्वपक्ष, म्हणजे खोडण्याआधी मांडलेली विरोधकाची बाजू. विरोधकाचं म्हणणं त्यालाही मान्य होईल अशा शब्दांत वक्त्याने मांडलं का? सोपा करून घेतलेला पूर्वपक्ष पाडायला अक्कल लागत नाही. ऐकणारेही इथे फसतात: ग्रंथकाराने खोडण्यासाठी मांडलेला पूर्वपक्ष त्याचंच मत म्हणून व्हॉट्सॲपवर फिरवला जातो. उतारा पुढे ढकलण्याआधी पुढचं पान उघडून उत्तरपक्ष पाहून घ्या.

न्यायदर्शनाचा मूळ ग्रंथ असलेल्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार आहेत: सत्य ठरवण्यासाठी वाद, जिंकण्यासाठी जल्प आणि स्वतःचा पक्ष न मांडता नुसतं खोडत राहणं ही वितंडा. तिसऱ्यात आपण पुणेकर विशेष प्रवीण. तेव्हा वक्त्याने उलट 'तुमचं मत काय?' विचारलं तर देता येईल असं एक वाक्य कागदावर आधीच लिहून ठेवा. ते सुचत नसेल तर माइक पुढच्या माणसाकडे द्या.