लँडस्केपसाठी वाइड लेन्स घेताय? मग आधी हे बघा

वाइड लेन्स घ्यायची ठरली की बहुतेक जण सगळ्यात कमी एमएमची (हा फोकल लेन्थचा आकडा, जेवढा कमी तेवढी लेन्स वाइड) लेन्स शोधायला लागतात. पण लेन्स जेवढी वाइड तेवढा लांबचा डोंगर फोटोत बारका होत जातो, आणि पायाशी एखादा दगड, पाणी, फुलं असं काही नसेल तर अर्ध्या फ्रेममध्ये नुसती रिकामी जमीन येते. १४ एमएमला तर दगडापासून हातभर अंतरावर जाऊन वाकावं लागतं तेव्हा कुठे तो फोटोत नीट दिसतो.

आधी तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर (फोटो टिपणारी चिप) किती मोठा आहे ते बघा: फुल फ्रेम मोठा, एपीएस-सी त्याहून लहान, मायक्रो फोर थर्ड्स आणखी लहान. फुल फ्रेमवर १६ एमएमला जेवढं दिसतं तेवढंच एपीएस-सीवर हवं असेल तर साधारण १० ते ११ एमएम लागते, मायक्रो फोर थर्ड्सवर ८. एपीएस-सीवरची १८-५५ किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळणारी) १८ ला फुल फ्रेमच्या २७-२९ एवढी पडते, म्हणजे तीही वाइडच झाली की! जुने फोटो उघडा, बरेचसे १८ लाच काढलेले असतील आणि तरी कडेचं काही ना काही कापलं जात असेल तर खुशाल नवीन घ्या, नाहीतर थांबा.

माझं मत विचाराल तर फुल फ्रेमला १६-३५ सारखी झूम घ्या आणि ती एफ/४ चालेल (एफचा आकडा लहान तेवढं लेन्सचं छिद्र मोठं आणि उजेड जास्त). लँडस्केप आपण ट्रायपॉडवर एफ/८ ते एफ/११ ला काढतो, मग एफ/२.८ चं वजन आणि पैसे कशाला? १६ एमएम, एफ/११ ला फोकस साधारण ८० सेंटिमीटरवर ठेवला तर जवळपास ४० सेंटिमीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं बऱ्यापैकी शार्प येतं. एफ/२२ पर्यंत जाऊ नका, डिफ्रॅक्शनमुळे (फार लहान छिद्रातून प्रकाश पसरतो) फोटो उलट मऊ पडतो. हां, आकाशगंगा काढायची असेल तर मात्र एफ/२.८ हवीच, आणि तिथे कोपऱ्यातले तारे पंख फुटल्यासारखे दिसतात का (याला कोमा म्हणतात) ते सॅम्पल फोटोत झूम करून बघा.

फिल्टरचं लोक विसरतात. काही लेन्सची पुढची काच फुगीर असते, निकॉनची १४-२४ एफ/२.८जी तशीच, त्यावर साधे स्क्रूचे फिल्टर बसतच नाहीत, मोठा होल्डर वेगळा घ्यावा लागतो. धबधबे, समुद्र एनडी (उजेड कमी करणारा फिल्टर) लावून काढायचे असतील तर ७७ किंवा ८२ एमएम थ्रेडवालीच (फिल्टर बसवायच्या आट्यांचा व्यास) बघा. पोलरायझर (चमक कमी करून आभाळ गडद करणारा फिल्टर) मात्र अगदी वाइडला जपून, निळ्या आभाळात एकाच बाजूला गडद पट्टा येतो.

डिस्टॉर्शनचं (सरळ रेषा वाकड्या दिसणं) टेन्शन घेऊ नका, सॉफ्टवेअरमध्ये निघतं. फ्लेअर (समोरच्या उजेडाने येणारे डाग आणि धुरकटपणा) निघत नाही, म्हणून सूर्य फ्रेममध्ये घेऊन एक फोटो काढून बघाच.

लेन्स हातात आली की लांबच्या झाडांची रांग किंवा इमारत एफ/८ ला काढा, ती आळीपाळीने चारही कोपऱ्यांत ठेवून, आणि कोपरे शेजारी शेजारी लावून १०० टक्के झूमवर बघा. सगळे कोपरे थोडे मऊ असतील तर चालतंय, पण एकच कोपरा बाकीच्यांपेक्षा खूप धूसर असेल तर आतली काच सरकलेली असू शकते, रिटर्नची मुदत आहे तोवर बदलून घ्या.