वॉर्डमध्ये आई-वडिलांची तब्येत अचानक बिघडली तर

खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन नीट पार पडतं, दोन दिवस आई व्यवस्थित बोलते, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती मुलीलाच ओळखत नाही, सलाईन उपसून टाकायला बघते. सत्तरीपुढच्या पेशंटमध्ये हे वरचेवर घडतं. डॉक्टर याला डेलिरियम म्हणतात. घरचे एकतर वेड लागलं म्हणून हबकतात, नाहीतर 'वयच झालंय आता' म्हणून सोडून देतात. सोडून तर अजिबात देऊ नका. काही तासांत उद्भवलेला गोंधळ ही शरीरात काहीतरी नव्याने बिघडल्याची खूण असते, कारण बहुतेकदा सापडतं, आणि ते शोधायला लागणारी बरीचशी माहिती घरच्यांकडेच असते.

आरडाओरडा करणारा पेशंट सगळ्यांच्या लक्षात येतो. गप्प पडून राहणारा, हाक मारली की डोळे उघडून पुन्हा झोपणारा मात्र नजरेतून सुटतो. 'आज शांत झोपलेत' असं कुणी म्हटलं तरी जागं करून बघा: नाव, गाव, आत्ता कुठे आहोत, हे सांगता येतंय का?

डॉक्टरांना आधी घरच्या गोळ्या सांगा, पाकिटांसकट. रोजची झोपेची गोळी ॲडमिट झाल्यावर एकदम बंद झाली असेल तर त्यानेच असं होऊ शकतं. दारूचंही तसंच, रोज घेणाऱ्याला शेवटच्या पेगनंतर दोन-तीन दिवसांनी गंभीर त्रास सुरू होतो, झटकेही येतात. लाजेपोटी हे लपवलं जातं आणि उपचार चुकीच्या दिशेने जातात. तंबाखू-मिश्री सुटली असेल तर तेही सांगा. पार्किन्सनच्या गोळ्या किंवा स्टिरॉइड चालू असेल तर त्याचा डोस चुकलाय का, हे लगेच विचारा.

मग विचारायचं ते हे: लघवीची नळी काढल्यापासून लघवी झाली का, पोट साफ होऊन किती दिवस झाले, ताप आहे का, शुगर किती, सोडियम किती. सोडियम 135 ते 145 असायला हवं. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या वृद्धांमध्ये ते घसरतं आणि माणूस बरळायला लागतो. वेदनेच्या इंजेक्शननेही गुंगी आणि भ्रम होतो, आणि वेदना तशीच राहिली तरीही होतो.

ऑपरेशनच्या आधी काढून पिशवीत ठेवलेला चष्मा, कवळी आणि कानाचं मशीन परत द्या. दिवसा पडदे उघडे, रात्री दिवा मंद. एकच ओळखीचं माणूस शेजारी बसलेलं बरं. दहा जणांनी येऊन 'मला ओळखलंस का?' विचारलं की गोंधळ वाढतो.

भरवताना विशेष जपा. गुंगीत असलेल्या माणसाला आडवं ठेवून पेज किंवा चहा पाजला की तो श्वासनलिकेत जातो आणि न्यूमोनिया होतो. पूर्ण जागं असेल तरच, ताठ बसवून, लहान चमच्याने द्या; खोकला आला की थांबा आणि सिस्टरला सांगा. किडनीचा त्रास असेल तर शहाळ्याचं पाणी न विचारता देऊ नका, त्यात पोटॅशियम भरपूर असतं.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर राउंडची वाट बघू नका: श्वास मिनिटाला 25 च्या वर (पूर्ण मिनिट मोजा), बोटाला लावायच्या मशीनवर ऑक्सिजन 92 टक्क्यांच्या खाली (जुन्या दमेकऱ्यांसाठी हा आकडा डॉक्टरांना विचारून ठेवा), हातपाय गार, साठ किलोच्या माणसाला सहा तासांत 180 मिलीपेक्षा कमी लघवी. तोंड वाकडं झालं, हात खाली पडला, बोबडी वळली तर 'शेवटचं नीट किती वाजता पाहिलं' ती वेळ सांगा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि नुकतंच ऑपरेशन झालेल्यांना बहुधा देता येत नाही, तेव्हा दुसरे मार्ग त्याच वेळेवर ठरतात. 'बरं वाटत नाहीये' एवढ्याने काम होत नाही. 'सिस्टर, तीनपर्यंत नीट बोलत होते, आता जागे होत नाहीत, श्वास 28 आहे, आरएमओंना (ड्युटीवरच्या डॉक्टरांना) आत्ता बोलवा,' असं म्हणा. पंधरा मिनिटांत कुणी आलं नाही तर इन्चार्ज सिस्टरकडे जा.

आयसीयूत हलवलं की डॉक्टरांशी बोलायला घरातलं एकच माणूस ठरवा आणि एक वही ठेवा. रोज तेच प्रश्न विचारा: ऑक्सिजन किती टक्के लागतोय, बीपी टिकवायचं इंजेक्शन कालच्यापेक्षा वाढलं की कमी झालं, लघवी किती, शुद्ध कशी आहे. 'स्टेबल' या एका शब्दापेक्षा या चार नोंदी तब्येत कुठे चाललीय ते जास्त सांगतात.

व्हेंटिलेटरच्या कागदावर सही करण्यापूर्वी विचारा की कशासाठी लावताय आणि किती दिवसांनी पुन्हा विचार करायचा. आई-वडिलांनी नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर उपचारांबाबत इच्छापत्र केलं असेल तर ते आत्ता दाखवा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2023 च्या आदेशानुसार ते ग्राह्य धरतात.

घाबरून दुसरीकडे हलवायची घाई नको. तिकडचा बेड नक्की, हातात समरी (आजाराचा आणि उपचारांचा लेखी सारांश), सोबत डॉक्टर, आणि ऑक्सिजन पुरेसा, हे सगळं जमल्यावरच निघा. बी टाइप सिलिंडरमध्ये भरलेला असताना सुमारे 1500 लिटर असतो. मिनिटाला 10 लिटरने तो अडीच तास पुरतो, म्हणून मुंबई-पुण्याच्या ट्रॅफिकचा हिशोब धरून दुसरा भरलेला सोबत घ्या.

पैशांचं बघायला दुसरं माणूस ठेवा. विमा असेल तर आयसीयूत हलवल्याच दिवशी टीपीए (विम्याचे दावे बघणारी संस्था) डेस्कवरून वाढीव मंजुरीचा अर्ज करा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी (राज्य सरकारची मोफत उपचारांची योजना) रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला भेटा, रेशनकार्ड आणि आधार घेऊन; हेल्पलाइन 155388. धर्मादाय रुग्णालयात 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. तिथल्या रुग्णालयाच्या समाजसेवकाकडे उत्पन्नाचा दाखला द्या. केसपेपरच्या प्रती लेखी मागा. मागितल्यापासून 72 तासांत त्या मिळायला हव्यात.